शीतयंत्रातील तेलाचा परतीचा प्रवास

आपल्या श्रीगोंदा तालुक्यात पहाटे आणि सांजेला रस्त्यावर उभे राहिले, की दुधाच्या किटल्या घेऊन निघालेली माणसे दिसतात. कुणी सायकलवर, कुणी मोटारसायकलवर, कुणी डोक्यावर. लिंबाचा भाव आज आहे तर उद्या नाही. उसाचे पैसे यायचे तेव्हा येतात, आणि कांद्याची गोष्ट तर बोलायलाच नको. दुधाचा पैसा मात्र दहा दिवसांनी हातात पडतो. दोन गाईंवर घरखर्च आणि मुलांची शाळा चालवणाऱ्या कितीतरी माउल्या आपल्या गावांत आहेत.

गाईच्या कासेतून निघालेले दूध अंगाच्या उबेचे, म्हणजे सुमारे ३८ अंशांचे असते. ते तीनेक तासांत ४ अंशांपर्यंत गार झाले तर टिकते. उशीर झाला तर त्यातले जंतू झपाट्याने वाढतात, आणि टँकर येईपर्यंत दूध आंबट होऊन परत येते. म्हणून गावोगावच्या संकलन केंद्रांवर आता बल्क कूलर बसले आहेत. स्टीलची चकचकीत टाकी, तिच्या तळाला गारवा देणारी पोकळ पत्र्याची बैठक, आणि बाजूला किंवा गच्चीवर घरघरणारा कॉम्प्रेसर. या कॉम्प्रेसरच्या पोटात थोडेसे तेल असते. कारागीर त्याला ऑइल म्हणतात, पुस्तकात वंगण म्हणतात. आजचे भाषण त्या तेलाविषयी आहे.

मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो. तेव्हा भूगोलाच्या माणसाने यंत्राच्या तेलाविषयी का बोलावे, असे कुणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे, की वाहत्या पाण्याने गाळ कसा न्यावा आणि कुठे टाकावा, हा आमच्या विषयातला जुना धडा आहे. आणि शीतयंत्राच्या नळ्यांत तेलाचे जे होते, ते जवळपास त्याच धड्याप्रमाणे होते.

गावागावांतून एक तक्रार ऐकू येते. 'साहेब, आमचं मशीन ऑइल खातंय.' कारागीर येतो, तेल कमी आहे असे म्हणतो, अर्धा लिटर भरतो आणि जातो. महिन्याने पुन्हा तेच. पुन्हा अर्धा लिटर. मग एके दिवशी यंत्रातून धाडकन आवाज येतो, आतली झडप मोडते, आणि ऐन संध्याकाळी टाकीत हजार लिटर दूध कोमट पडून राहते. आता मला सांगा, यंत्राने तेल खाल्ले म्हणजे ते गेले कुठे? मोटारीचे इंजिन तेल जाळते, धुरावाटे बाहेर टाकते. शीतयंत्राला धुराडे नसते. ते चहूबाजूंनी बंद असते. तेव्हा दोनच गोष्टी शक्य आहेत. एक तर कुठल्यातरी सांध्यातून गॅस गळतो आहे आणि गॅसबरोबर तेलही पाझरते आहे. तसे असेल तर त्या सांध्याशी ओशट डाग दिसतो. बोट लावून पाहावे. आणि डाग नसेल, तर तेल यंत्रातच आहे. ते वाटेत कुठेतरी बसून राहिले आहे, एवढेच. आजच्या भाषणातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा.

ही वाट कोणती, ते आता पाहू. शीतयंत्रात एक वायू फिरत असतो. त्याला शास्त्रात शीतक म्हणतात, आपण साधा 'गॅस' म्हणू. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तेव्हा तो तापतो. मग तो कंडेन्सरच्या जाळीत जातो. तिथे पंख्याच्या वाऱ्याने त्याची उष्णता निघते आणि त्याचे द्रव होते. हा द्रव एका बारीक छिद्राच्या झडपेतून टाकीच्या तळाशी सोडला, की दाब एकदम उतरतो आणि द्रव उकळू लागतो. उकळायला उष्णता लागते. ती तो दुधातून घेतो. म्हणून दूध गार होते. उकळून झालेला गॅस सक्शनच्या नळीने परत कॉम्प्रेसरकडे येतो, आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

तेलाचे खरे काम कॉम्प्रेसरच्या आतच. फिरते भाग झिजू नयेत, तापू नयेत, म्हणून ते तिथे असते. पण दट्ट्याच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर त्याचे बारीक तुषार गॅससंगे बाहेर पडतात. हे थांबवता येत नाही. मोठ्या यंत्रांत बाहेरच्या वाटेवर तेल अडवणारे भांडे बसवतात. तरी थोडे निसटतेच. तेल बाहेर पडले म्हणून बिघडत नाही. जेवढे गेले तेवढे परत आले, की हिशेब जुळला.

जाताना त्याला फारशी अडचण येत नाही. पहिल्या टप्प्यात गॅस कढत असतो, तेल पातळ असते, ते नळीच्या कडेकडेने घसरत पुढे जाते. कंडेन्सरमध्ये गॅसचा द्रव झाला, की बहुतेक यंत्रांत तेल त्यात विरघळते, जशी दुधात साखर. मग द्रव जाईल तिकडे तेल आपोआप जाते. खरी गोष्ट पुढे टाकीच्या तळाशी घडते.

आपण गुऱ्हाळ पाहिलेले आहे. काहिलीतला रस उकळतो, पाण्याची वाफ होऊन ती निघून जाते, आणि मागे काय उरते? गूळ. टाकीच्या तळाशीही तसेच होते. गॅस उकळून निघून जातो. तेल काही त्या गारव्यात उकळत नाही, ते मागे उरते. शिवाय गारव्याने ते दाट होते. थंडीच्या दिवसांत बाटलीतले खोबरेल कसे हलेनासे होते, ते आठवा. तेल अगदी तेवढे गोठत नाही, पण त्याची चाल मंदावते खरी. म्हणजे ज्या टप्प्यावर तेल सर्वांत दाट आणि आळशी, त्याच टप्प्यावर त्याला उचलून नेणारा गॅसही सर्वांत विरळ. येथून कॉम्प्रेसरपर्यंतची सक्शनची नळी हाच तेलाच्या प्रवासातला अवघड घाट.

आता भूगोलाचा धडा आठवू. कुकडीच्या कालव्याचे पाणी येडगाव धरणातून निघते आणि आपल्या तालुक्यातून पुढे कर्जत-करमाळ्याकडे जाते. चारीत पाणी जोरात असले, की गाळ बरोबर चालतो. पाणी मंदावले, की गाळ तळाला बसतो. पाणी तेच, गाळ तोच, फरक वेगाचा. आणि वेग कशाने वाढतो? वाट अरुंद झाली की वाढतो. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. तिथे नदी खडकाच्या चिंचोळ्या वाटेतून घुसते, आणि त्या वेगाने दगडगोटे गरगर फिरवून तिने कातळात रांजण कोरले आहेत. हीच नदी सपाट, रुंद पात्रात गेली, की साधी वाळूही टाकून देते.

सक्शनच्या नळीत गॅस म्हणजे पाणी, आणि तेल म्हणजे गाळ. नळी आडवी असेल, तर गॅसला सेकंदाला साधारण साडेतीन-चार मीटर वेग असला तरी तेल पुढे सरकते. नळी उभी, वर जाणारी असेल, तर मात्र साडेसात-आठ मीटर वेग लागतो असा कारागिरांचा साधारण हिशेब आहे. नेमका आकडा गॅसच्या जातीवर आणि नळीच्या आकारावर ठरतो, आणि यंत्र बनवणाऱ्यांच्या तक्त्यात तो दिलेला असतो. उभ्या नळीत एवढा वेग का? खळ्यावरची उफणणी आठवा. वारा चांगला असेल तर भूस दूर उडते. वारा पडला की सगळे पायाशीच. उभ्या नळीत तेलाचा पापुद्रा भिंतीला धरून वर चढत असतो. गॅसचा जोर कमी पडला, की तो खाली ओघळतो.

आता एक चूक पाहा. कूलर तळमजल्यावर आणि कॉम्प्रेसर गच्चीवर, अशी मांडणी पुष्कळ ठिकाणी असते. गच्चीवर वारा मोकळा, खाली जागा मोकळी. त्यात गैर काही नाही. पण नळी टाकताना एखादा म्हणतो, 'जरा मोठ्या मापाचा पाइप टाका, मशीनला श्वास घ्यायला सोपं जाईल.' ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. पण नळीचा व्यास दुप्पट केला, की तिचे तोंड चौपट होते, आणि गॅसचा वेग चौथ्या हिश्श्यावर येतो. जिथे सेकंदाला ८ मीटर वेग होता, तिथे २ मीटर उरला. आता तेल वर चढणार कसे? ते उभ्या नळीच्या पायथ्याशी साचत जाते. इकडे कॉम्प्रेसर कोरडा पडतो. कारागीर तेल भरतो. तेही पहिल्याच्या जोडीला जाऊन बसते. मग कधीतरी साचलेले तेल नळीचे तोंडच बंद करते, मागे दाब तुंबतो, आणि शेर-दोन शेर तेल एकदम कॉम्प्रेसरवर आदळते. गॅस दाबता येतो, तेल दाबता येत नाही. झडप मोडते ती तेव्हा. उलट नळी फारच बारीक घेतली, तर तेल परत येते, पण यंत्राला ओढायला जोर पडतो आणि वीज जास्त जाते. म्हणून माप नेमके हवे. अंदाजाचे काम नव्हे.

शिक्षक मित्रांना यावर एक सोपा प्रयोग सुचवतो. गवंडी पातळी काढायला जी पारदर्शक नळी वापरतात, तिचा दोन-अडीच हात तुकडा घ्या. त्याला खाली यू अक्षरासारखा बाक द्या. त्यात हळद मिसळलेले गोडेतेल चमचाभर ओता. एका तोंडाला सायकलचा पंप लावा; दुसरे टोक उभे धरून वरच्या तोंडावर बाटली पालथी घाला, म्हणजे तेल कुणाच्या कपड्यांवर उडणार नाही. पंप हळू मारा. हवेचे बुडबुडे जातील, तेल थोडे वर चढून परत खाली येईल. आता जोरात मारा. तेलाचा पिवळा पापुद्रा नळीच्या भिंतीने वर चढताना दिसेल. मग जाड मापाची नळी घेऊन त्याच पंपाने तसेच करा. कितीही जोर लावला तरी तेल वर जायला कुरकुर करील. मुलांना वर्तुळाचे क्षेत्रफळ, वेग आणि घर्षण हे तिन्ही धडे एका नळीत मिळतील, आणि त्यातला एखादा मुलगा उद्या गावचा चांगला कारागीर होईल.

यंत्रज्ञांनी तेलाच्या सोयीसाठी काही साध्या युक्त्या काढल्या आहेत. पहिली उताराची. आडवी सक्शन नळी कॉम्प्रेसरच्या बाजूला किंचित उतरती ठेवायची, दहा फुटांना अर्धा इंच. आपण पन्हळीला उतार देतो, तसाच हा. भिंतीवरच्या नळीला मध्येच झोळ पडला असेल, तर तिथे तेलाचे डबके होते. दुसरी युक्ती बाकाची. उभ्या नळीच्या पायथ्याशी एक लहानसा बाक देतात. कारागीर त्याला ट्रॅप म्हणतात. तेल त्या बाकात जमते, जमता जमता गॅसची वाट अरुंद करते, वाट अरुंद झाली की वेग वाढतो, आणि तोच वेग ते तेल घोटाघोटाने वर उचलतो. निघोजच्या नदीचीच रीत ही. बाक मात्र आखूड हवा. लांबरुंद बाक केला, तर त्यात तेल फार साचते आणि एकदम उसळते. चढ मोठा असेल, तर दर पाच-सहा मीटरांवर असाच एक बाक देतात, म्हणजे वाटसरूला टप्प्याटप्प्यावर पार मिळावा तसे. आणि वर पोहोचल्यावर नळी उलटी वळवून मग कॉम्प्रेसरकडे उतरवतात, म्हणजे चढलेले तेल मागे ओघळत नाही.

मोठ्या शीतगृहांतून यंत्राचा भार कधी पूर्ण, कधी पाव असतो. भार कमी तर गॅस कमी, गॅस कमी तर वेग कमी. तिथे एक बारीक आणि एक जाड अशा दोन उभ्या नळ्या शेजारी शेजारी ठेवतात. वेग मंदावला, की जाड नळीच्या पायथ्याचा बाक तेलाने भरून तिचे तोंड बंद होते, आणि सगळा गॅस बारीक नळीतून जोराने चढतो. भार वाढला, की दोन्ही वाटा उघडतात. दाराला माणूस नाही, दोरी नाही. तेलच दार लावते आणि तेलच उघडते.

आता गॅस आणि तेल यांच्या सोयरिकीविषयी. प्रत्येक गॅसचे प्रत्येक तेलाशी जमतेच असे नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षे आर-२२ नावाचा गॅस चालला. त्याचे खनिज तेलाशी बरे जमत असे. परंतु तो आकाशातल्या ओझोनच्या थराला अपाय करतो, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने सुरू झालेल्या वाटेवर तो टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. त्याच्या जागी आलेले आर-१३४ए, आर-४०४ए यांसारखे गॅस खनिज तेलात मिसळत नाहीत. त्यांना पॉलिओल एस्टर जातीचे कृत्रिम तेल लागते. एखाद्याने जुन्या यंत्रात नवा गॅस भरला आणि तेल तेच ठेवले, तर तेल गॅसबरोबर परतण्याऐवजी टाकीच्या तळाशी मुक्काम करते. हे नवे तेल आणखी एका बाबतीत जपावे लागते. पावसाळ्यात मीठ जसे हवेतले पाणी ओढते, तसे ते ओढते. डबा फोडला की लगेच वापरावा आणि बूच घट्ट लावावे; अर्धा उघडा डबा महिनाभर फळीवर ठेवून पुन्हा वापरू नये.

वीज जाण्याचा तर आपल्याला रोजचा अनुभव. यंत्र फार वेळ बंद राहिले, की गॅस हळूहळू कॉम्प्रेसरमधल्या गार तेलात शिरून विरघळतो. वीज आली, यंत्र सुरू झाले, की आतला दाब एकदम उतरतो, आणि सोड्याच्या बाटलीचे बूच काढावे तसा तेलाला फेस येतो. फेसाबरोबर पुष्कळ तेल नळीत निघून जाते. म्हणून काही कॉम्प्रेसरांच्या बुडाला एक लहान हीटर असतो. तो तेल कोमट ठेवतो आणि गॅस त्यात शिरू देत नाही. 'बंद मशीनला वीज कशाला खाते' म्हणून त्याची तार काढून टाकलेली आढळते. तसे करू नये. त्या हीटरची चार पैशांची वीज कॉम्प्रेसर वाचवते. यंत्र पुन्हा पुन्हा चालू-बंद करणेही वाईट. प्रत्येक सुरुवातीला तेल बाहेर फेकले जाते, आणि ते परत येण्याएवढा वेळ यंत्र चाललेच नाही, तर हिशेब तुटतो. गॅस कमी झालेला असेल, तरीही वेग मंदावून तेल मागे राहते. मग तेल भरून काय उपयोग?

येथवर गावच्या कूलरची गोष्ट झाली. मोठ्या डेअऱ्या, बर्फाचे कारखाने आणि शीतगृहे यांत बहुधा अमोनिया वापरतात. जर्मनीत कार्ल लिंडे यांनी १८७० नंतरच्या दशकात अमोनियाची यंत्रे यशस्वी केली. पुण्याजवळ हडपसरला १९५८ साली निघालेली किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनीही असे कॉम्प्रेसर बनवते. अमोनियाचा न्याय उलटा आहे. त्यात नेहमीचे खनिज तेल जवळजवळ विरघळतच नाही, आणि द्रव अमोनिया तेलाहून हलका असतो. म्हणून तेल भांड्याच्या बुडाशी जाऊन बसते. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने पातेल्याच्या बुडाला खापरी धरते आणि पाणी तापायला वेळ लागतो, तसा हा तेलाचा थर गारव्याला आडवा येतो. येथे तेल आपसूक परतत नाही. माणसाने ते बुडातून काढावे लागते.

आणि हे काढण्याचे काम जोखमीचे आहे. तेल संपले की मागोमाग अमोनिया उसळतो. तो उणे ३३ अंशांना उकळणारा पदार्थ; अंगावर पडला तर भाजल्यासारखी जखम होते, डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते, कोंडलेल्या खोलीत श्वास गुदमरतो. म्हणून हे काम एकट्याने करू नये. आधी तेलाचे भांडे बाकीच्या यंत्रापासून तोडावे, त्यातला अमोनिया सक्शनच्या वाटेने ओढू द्यावा, आणि मगच हात सोडताच आपोआप मिटणाऱ्या झडपेने तेल काढावे. झडप बांधून ठेवून चहाला जाऊ नये. तोंडावर मास्क, हातांत मोजे आणि जवळ वाहते पाणी हवे. डोळ्यांत गेलेच, तर निदान पंधरा मिनिटे सतत पाण्याने धुवावे आणि दवाखाना गाठावा. या कामावरचे मजूर बहुतेक आपल्याच गावांतले असतात. त्यांना हे कुणीतरी समजावून सांगितले पाहिजे, आणि शिक्षकाइतके नीट कोण सांगणार?

शेवटी, दूध संस्थेच्या पंचांना आणि सचिवांना एक विनंती. नवे यंत्र घेताना टाकी किती लिटरची, एवढेच विचारू नका. कॉम्प्रेसर कुठे बसणार, नळी किती उंच चढणार, तिचे माप कुणी काढले, बाक कुठे दिला, हेही विचारा. भरलेल्या तेलाची तारीख आणि माप एका वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांत तीनदा तेल भरल्याचे त्या वहीत दिसले, तर चौथ्यांदा डबा उघडू नका. कॉम्प्रेसरला तेल दाखवणारी काच असेल, तर ती रोज पाहा; बंद डब्याच्या कॉम्प्रेसरला बहुधा काच नसते, तिथे तर वहीच तुमचे डोळे. आणि कारागिराला आदराने एवढेच विचारा, 'मिस्त्री, आधी भरलेलं तेल कुठं गेलं?' हा प्रश्न विचारला, की तो डबा बाजूला ठेवून नळीकडे पाहू लागेल. दुखणे बहुधा तिथेच सापडेल, आणि त्या दिवशीचे दूध वेळेवर गार होईल.